कोटीची बाकी

नाम मोजावे की मोजू नये, हा प्रश्न वारकऱ्यांच्या घरात जुनाच आहे. एक म्हणतो, "नामाला कसली आली गणती? आई लेकराचे मुके मोजते काय?" दुसरा म्हणतो, "बाबा, मन मोठे लबाड आहे. न मोजता सोडले तर दोन माळा ओढील आणि दहा झाल्या म्हणून उठेल. म्हणून मोजलेच पाहिजे." दोघांचेही म्हणणे खोटे नाही. परंतु या वादाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. मोजायचेच ठरले तर खरे मोजावे की शोभेसारखे मोजावे? आकडा थोडा फुगवल्याने लोकांचा उत्साह वाढत असेल, चार माणसे नव्याने माळ हाती धरीत असतील, तर तसे करण्यात पाप आहे काय?

हा प्रश्न मी हवेत विचारीत नाही. ती चूक मी स्वतः केलेली आहे. ती कशी झाली आणि ती मला एका संख्येने आणि एका अडाणी म्हातारीने कशी दाखवून दिली, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

आमचे गाव अनसिंग. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या वाटेवर. शृंगऋषींचे गाव म्हणून जुनी माणसे त्याची ओळख सांगतात. मी जन्मभर मुलांना गणित शिकवले आणि निवृत्त झाल्यावर देवळातल्या वहीचे काम अंगावर घेतले. मास्तर म्हटला की हिशेब त्याच्याकडे, ही गावची रीतच असते. काही वर्षांपूर्वी आम्ही मंडळींनी संकल्प केला की आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे चातुर्मासात, सर्वांनी मिळून 'रामकृष्णहरि' या मंत्राचा एक कोटी जप पांडुरंगाला अर्पण करावयाचा. ऐंशी माणसांनी नावे दिली. त्या वर्षी अधिक मास नव्हता. एकशे अठरा दिवस हाती होते. ज्याने त्याने रोज दहा माळा कराव्यात आणि संध्याकाळी हरिपाठाला आले की वहीत आपल्या नावापुढे आकडा सांगावा, असे ठरले. ऐंशी माणसे, दहा माळा, एकशे अठरा दिवस, म्हणजे चौऱ्याण्णव हजार चारशे माळा. एका माळेचे मणी एकशे आठ. कोणी खाडा केला नाही तर कोटी होऊन वर जवळजवळ दोन लाख उरतात. मी हिशेब मांडून दाखवला तेव्हा सगळ्यांनी पुंडलीक वरदे म्हटले. देवळाच्या भिंतीला एक काळा फळा टांगला आणि त्यावर रोजची बेरीज खडूने लिहू लागलो.

पण संसारी माणसांचा नेम तो. निंदणाचे दिवस आले, डवरणी आली, कोणाची सोयरीक निघाली, कोणाच्या घरी सुतक आले. वहीत रिकामे खाने दिसू लागले. कार्तिक शुद्ध दशमीच्या रात्री मी शेवटची बेरीज केली ती ९१,८३७ माळा. एकशे आठांनी गुणावयाचे म्हणजे आधी शंभरपट, मग आठपट. शंभरपट ९१,८३,७००. आठपट ७,३४,६९६. दोहोंची बेरीज ९९,१८,३९६. कोटीला ८१,६०४ कमी पडले.

रात्र बरीच झाली होती. मी फळ्यासमोर उभा राहिलो. शंभरात एकाचीसुद्धा कमी नाही, मग त्यासाठी ऐंशी माणसांचे तोंड पाडावे काय? कोणी घरी बसून चार माळा जास्तीच्या केल्या असतील, त्या सांगायच्या राहिल्या असतील. देव काय पाटवारी आहे की खाते उघडून बसेल? असे मनाला समजावीत मी फळा पुसला आणि ठळक अक्षरात लिहिले, 'एक कोटी नामजप पूर्ण'. एकापुढे सात शून्ये मोठी गोजिरी दिसली. हात झटकून घरी गेलो.

सकाळी काकड आरतीला पंढरीला न गेलेली सगळी मंडळी जमली. फळा पाहून आनंद झाला. तेवढ्यात एक म्हातारी मावशी माझ्याजवळ आली. तिला अक्षर येत नाही. फळ्यावर काय लिहिले ते नातवाकडून वाचवून घेतले होते. ती हळूच म्हणाली, "मास्तर, कोट पुरा झाला म्हन्ता. मंग मायी कमी कोनं भरली?"

मी म्हटले, "कोणती कमी, मावशी?"

"मी पोळ्यानंतर अकरा दिवस तापानं पडेल होती. येक माळ बी झाली नाई. तुमी खाना रिकामा ठेवला तो म्या पाह्यला. एकशे दहा माळा मायाकडं बाकी हायेत. त्या कोनं फेडल्या तेवढं सांगा. त्याच्या पाया पडीन."

मला उत्तर देता आले नाही. तिला वाटत होते की कोणी तरी भल्या माणसाने रात्री जागून तिच्या वाटच्या माळा ओढल्या. प्रत्यक्षात त्या मी ओढल्या होत्या, खडूने.

एकादशीचा फराळ गोड लागला नाही. दुपारी वही घेऊन बसलो. मनात आले, माझा आकडा खोटा आहे हे मला ठाऊक आहे. पण वही कोणी जाळून टाकली आणि नुसता फळा उरला, तर तो खोटा आहे हे कोणाला कळेल काय? म्हणून एक कोटीला एकशे आठांनी भागून पाहिले. भागाकार आला ९२,५९२ आणि बाकी राहिली ६४. म्हणजे कोटी बरोबर भरावयाचा तर ब्याण्णव हजार पाचशे ब्याण्णव माळा पूर्ण व्हाव्यात आणि त्यापुढच्या माळेचे चौसष्ट मणी ओढून कोणी तरी माळ तशीच खाली ठेवावी! आमच्या गावात असे कोणी करीत नाही. माळ मेरुमण्यापर्यंत नेल्याशिवाय हातातून सुटत नाही, आणि वहीत तर पुऱ्या माळाच लिहिल्या होत्या. तेव्हा पुऱ्या माळांच्या बेरजेतून बरोबर एक कोटी हा आकडा कधी येऊच शकत नाही. वही नसती तरी फळ्यानेच माझी चहाडी केली असती.

वाचकहो, येथे थोडे गणित सांगतो. भिऊ नका, आजोबांनी ओसरीवर शिकवले तेवढेच आहे. जुने लोक गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी नवाचा ताळा पाहत. संख्येतील आकडे मिळवावयाचे. बेरीज नवाच्या पाढ्यात आली तर ती संख्या नवाने निःशेष जाते, एरव्ही नाही. कारण सरळ आहे. दहा म्हणजे नऊ आणि एक. शंभर म्हणजे नव्व्याण्णव आणि एक. हजार म्हणजे नऊशे नव्व्याण्णव आणि एक. प्रत्येक घरातून नऊ नऊ काढून घेतले की आकडाच तेवढा हाती उरतो. आता माळेचे एकशे आठ मणी म्हणजे नवाची बारापट. तेव्हा माळा कितीही असोत, एकूण जपाच्या आकड्यांची बेरीज नवाच्या पाढ्यातच आली पाहिजे. आमचा खरा आकडा ९९,१८,३९६. मिळवून पाहा, पंचेचाळीस येतात. ताळा जमला. आणि फळ्यावरचा कोटी? एक आणि सात शून्ये. बेरीज एक. ताळा जमत नाही. व्यापाऱ्याच्या ताळेबंदात जो ताळ आहे तोच हा. ज्याला अक्षर येत नाही पण बोटे मोजता येतात, त्यालाही माझी लबाडी धरता आली असती.

कोटीचे अंतरंग आणखी पाहा. एक कोटी म्हणजे सात वेळा दोन आणि सात वेळा पाच यांचा गुणाकार. दोन आणि पाच यांखेरीज त्यात दुसरे मूळ नाही. एकशे आठ म्हणजे दोन वेळा दोन आणि तीन वेळा तीन. त्या माळेत तीन आहे, कोटीत तो नाही. म्हणून कोटीच काय, एकावर शून्ये देत कोठवरही जा, एकशे आठांनी ती संख्या निःशेष जाणार नाही. शंभराला भागा, शंभरच राहतात. हजाराला भागा, बाकी २८. दहा हजाराला ६४. लाखाला पुन्हा १००. दहा लाखाला २८. कोटीला ६४. दहा कोटीला पुन्हा १००. शंभर, अठ्ठावीस, चौसष्ट. शंभर, अठ्ठावीस, चौसष्ट. ही फेरी कधी मोडत नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सिद्धांतशिरोमणीतील लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा घरांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या परार्धालाही एकशे आठांनी भागले तर शंभर उरतातच.

आणखी एक गंमत. कोटीला निःशेष भागणाऱ्या संख्या किती? एक, दोन, चार, पाच, आठ, दहा अशा मोजीत गेलो तर त्या बरोबर चौसष्ट भरतात. आणि एकशे आठांनी भागल्यावरची बाकीही चौसष्ट! कोणी लगेच म्हणेल, या चौसष्ट कला झाल्या, हा चमत्कार आहे. मी तसे म्हणत नाही. हा योगायोग आहे, पाहून आनंद वाटतो एवढेच. संख्येच्या अंगी जे आहे ते पाहून हर्ष व्हावा, परंतु तिच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. एकदा खोटा आकडा लिहून मी पुरेसा शहाणा झालो आहे.

आता मुख्य विचार. कोटीला कोटी म्हणणे माणसाचे आहे. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहादहांची घरे केली. माळेला एकशे आठ मणी हेही परंपरेचे आहे. सत्तावीस नक्षत्रे आणि प्रत्येकाचे चार चरण मिळून एकशे आठ, अशी त्याची एक उपपत्ती सांगतात. दोन्ही आपण ठरवले. परंतु एकशे आठ कोटीत निःशेष जात नाहीत, हे कोणी ठरवले? कोणीही नाही. ग्रामसभेत ठराव केला, राजाने फर्मान काढले, तरी ती चौसष्टची बाकी पुसली जाणार नाही.

याला आमच्या मुलखातला एक दृष्टांत आहे. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. लीलावतीकार भास्कराचार्यांच्या पुष्कळ आधी, सातव्या शतकात, दुसरे एक भास्कराचार्य होऊन गेले. त्यांनी आपल्या महाभास्करीय ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची गावे सांगितली आहेत. त्यांत अवंतीबरोबर आमचे वत्सगुल्मही आहे. त्या काळी ज्योतिषी या रेषेपासून पूर्व-पश्चिम अंतर मोजीत. पुढे १८८४ साली वॉशिंग्टन येथे परिषद भरली आणि मूळ रेषा विलायतेतील ग्रीनिचवरून धरावी असे ठरले. रेषा माणसाची होती, ती माणसाने हलवली. परंतु त्यामुळे वाशीमला सूर्य एक पळभर तरी उशिरा उगवला काय? मापे आपली असतात. मापलेली वस्तू आपली नसते. आणि एकदा माप ठरले की त्यातून निघणारा आकडाही आपल्या हातचा राहत नाही.

येथे कोणी शंका घेईल की, मास्तर, हे सारे बाजारातल्या वजनामापाला ठीक आहे. देवाच्या दारी भाव पाहतात. भाव शुद्ध असेल तर आकडा इकडेतिकडे झाला म्हणून काय बिघडले?

यावर माझे उत्तर असे. देवाला आकडा नको, हे मला मान्य आहे. म्हणूनच तर देवाला सांगण्यासाठी आकडा फुगवण्याचे कारण उरत नाही. तो फुगवावयाचा असतो लोकांसाठी, आणि खरे म्हटले तर आपल्यासाठी. फळ्यावर सात शून्ये लिहिताना माझ्या मनात पांडुरंग नव्हता. उद्या शेजारच्या गावची मंडळी येतील, अनसिंगकरांनी कोटी केला म्हणतील, हे होते. आणि त्याहून मोठी गोष्ट ही की, खोट्या आकड्याने मी देवाचे काही नेले नाही, त्या म्हातारीचे नेले. अकरा दिवसांचे ते अकरा रिकामे खाने तिचे होते. तापाने फणफणत ती पडली होती, माळ उशाशी होती आणि हात उचलत नव्हता. त्या दिवसांची हळहळ हीच तिची त्या दिवसांची पूजा होती. मी खडू फिरवला आणि ते खाने भरून टाकले. जणू ती आजारी पडलीच नव्हती, जणू तिला काही वाटलेच नव्हते. ज्याने रोज दहा केल्या, ज्याने सहाच केल्या, ज्याने आईच्या दहाव्यापर्यंत एकही केली नाही, त्या सर्वांना मी एका गोल आकड्यात कोंबले. देवापुढे पूर्ण काय ठेवतो याइतकेच आपले अपुरे आपण लपवतो की नाही, यालाही महत्त्व आहे.

संख्येवर असे निर्मळ प्रेम करणारा एक मास्तर आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूस. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवीत होते. मोठी पदवी नाही, मोठी जागा नाही. शाळा सुटली की संख्या मांडीत बसावयाचे. त्यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा एक गुण दाखवला. चार आकड्यांची कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नसावेत. आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा आणि त्यातून लहानाकडून मोठ्याकडे मांडलेली संख्या वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. मध्ये शून्य आले तर त्याचेही घर धरावयाचे. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तेथून पुढे हलत नाही. उदाहरण म्हणून ८१६३ घेऊ, कारण या आकड्याशी माझे थोडे काम आहे, ते पुढे सांगतो. ८६३१ मधून १३६८ गेले, राहिले ७२६३. पुढे ५२६५, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि सहाव्या पायरीला ६१७४. विदर्भातून निघा, खानदेशातून निघा, कोकणातून निघा, दिंडी शेवटी पंढरीलाच येते, तसे हे आहे.

ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनी 'हर्षद' असे नाव दिले, म्हणजे आनंद देणारी. आपली माळ तशी आहे. एकशे आठांच्या आकड्यांची बेरीज नऊ आणि नवाने भागले की बारा. त्या काळच्या पुष्कळ विद्वानांना हे काम किरकोळ वाटे. १९७५ साली अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा जगाला नाव कळले. १९८६ मध्ये ते वारले. मला या गोष्टीत आवडते ते असे की, त्या संख्यांकडून त्यांना काही मिळवावयाचे नव्हते. ६१७४ च्या जागी ६१७५ आले असते तर बरे दिसले असते, असे त्यांना म्हणता येत नव्हते आणि म्हणावयाचेही नव्हते. जे आहे ते पाहावयाचे आणि हर्ष मानावयाचा. निष्कामपण म्हणतात ते याहून फार वेगळे असेल असे मला वाटत नाही.

असो. त्या संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर मी उभा राहिलो आणि सर्वांसमक्ष सांगितले की फळ्यावरचा आकडा खोटा आहे, तो मी लिहिला. खरा आकडा ९९,१८,३९६. दोघेचौघे नाराज झाले. एक जण म्हणालासुद्धा, "मास्तर, आता काहून सांगता? लोकाईचा हुरूप गेला ना." विणेकरी बुवा मात्र उठले आणि काही न बोलता उपरण्याने फळा पुसू लागले. तेव्हा ती मावशी पुन्हा बोलली.

"मास्तर, तुमचा हाबी आकडा जास्तच हाये."

मी म्हटले, "आता कसा, मावशी? एकेक माळ मोजली आहे."

"आमी तं सासूच्या वेळेपासून येका माळेचे शंभरच धरतो. वरचे आठ चुकभुलीचे. तोंड रामकृष्णहरि म्हन्ते अन् मन म्हशीमागं जाते, त्याचे कोन मोजन? ते सोडून द्याचे."

सभेत कोणी हसले नाही. जुनी माणसे मान हलवू लागली. ही रीत मलाही ठाऊक होती, परंतु गणिताच्या अभिमानात मी ती विसरलो होतो. एकशे आठ मणी, जमेला शंभर, आठ चूकभूल द्यावी घ्यावी. म्हणजे आमचा जप ९१,८३,७००. कोटीला आता ८१,६०४ नव्हे, ८,१६,३०० कमी. आणि माळा किती बाकी? ८,१६३. वर घेतलेला आकडा तो हाच.

पाहा, किती विचार आहे या रीतीत! मी ज्या अडचणीत सापडलो होतो ती या अडाणी म्हणवणाऱ्या बायांनी केव्हाच सोडवून ठेवली आहे. एकशे आठांनी कोटी कधी भरत नाही. शंभरांनी भरतो. बरोबर एक लाख माळांत भरतो, एक मणीही अर्धवट राहत नाही. मात्र त्यासाठी प्रत्येक माळेत आठ वेळा आपले चित्त ठिकाणावर नव्हते, हे आधी कबूल करावे लागते. लाख माळांत प्रत्यक्ष उच्चार होतात १,०८,००,०००. त्यातले आठ लाख चुकीच्या नावे सोडावयाचे. या एक कोटी आठ लाखांच्या आकड्यांची बेरीज नऊ, म्हणजे ताळाही जमतो. नुसत्या कोटीला भागणाऱ्या संख्या चौसष्ट आहेत. या चुकीसह धरलेल्या संख्येला भागणाऱ्या एकशे ब्याण्णव, म्हणजे तिप्पट. कोटीची तिघांत वाटणी होत नाही, नवांत होत नाही, बारांत होत नाही. चुकांचे आठ लाख मिळवले की होते. यात मी काही सिद्धांत सांगत नाही. पण चूक पदरात घेतल्याने हिशेब जुळला आणि चूक झाकल्याने बिघडला, हे मी डोळ्यांनी पाहिले.

फळ्यावर बुवांनी लिहावयास सांगितले, 'माळा ९१,८३७. जप ९१,८३,७००. बाकी ८,१६३ माळा.' भागाकारात उरते ती बाकी आणि सावकाराचे देणे असते तीही बाकी. मराठीने दोहोंना एकच शब्द दिला, हे उत्तमच झाले. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे सोडताना तोच आकडा पांडुरंगापुढे वाचला. वाचताना माझा आवाज जरा कापला, पण लाज वाटली नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून पुन्हा बोटे मोजीत होतो. कोटी म्हणजे तरी केवढा? दर सेकंदाला एक नाम घेतले आणि झोप-जेवण सोडून चालू ठेवले, तर एकशे पंधरा दिवस आणि वर जवळजवळ अठरा तास लागतील. एकट्या माणसाने रोज दहा माळा, माळेचे शंभर, म्हणजे रोज एक हजार केले, तर दहा हजार दिवस. सत्तावीस वर्षे आणि साडेचार महिने. तेव्हा एकदम लक्षात आले. ही मावशी लग्न होऊन आली तेव्हापासून दहा माळा करते, असे ती एकदा सहज बोलून गेली होती. त्याला चाळीस वर्षांच्या वर झाली. म्हणजे तिचा एकटीचा कोटी केव्हाच होऊन गेला होता. तापाचे, बाळंतपणाचे, सुतकाचे दिवस वगळले तरी झाला होता. चुलीपुढे बसून, कापूस वेचताना, रात्री नातवाला थोपटताना. तिच्या ओसरीवर फळा नव्हता. आपला कोटी झाला हे तिला माहीतही नव्हते. तिला माहीत होत्या त्या एकशे दहा, ज्या राहिल्या होत्या.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. नाम मोजावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे अवश्य मोजावे. परंतु झाले किती हे दाखवण्यासाठी मोजू नये, राहिले किती हे कळावे म्हणून मोजावे. जो झालेले मोजतो त्याला सात शून्यांचा मोह पडतो आणि अखेर तो खडू हाती घेतो. जो राहिलेले मोजतो त्याच्या हाती माळ राहते. परार्धापर्यंत जरी जप झाला तरी बाकी उरतेच, हे गणितानेही सांगितले. बाकी उरली म्हणून तर उद्या पहाटे उठावयाचे.

आमची ती ८,१६३ माळांची बाकी पुढे फिटली की नाही, ते येथे लिहीत नाही. फळा आम्ही भिंतीवरून काढून कोठीच्या खोलीत ठेवला आहे. वही अजून आहे, रिकाम्या खान्यांसकट.

रामकृष्णहरि.